चपट्या नाकाच्या कुत्र्याला पोहायला शिकवताना : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा उसळी मारतात. एकदा एप्रिलमध्ये उन्हाचा तडाखा बसला की, आणि एकदा गंगेला (म्हणजे आपल्या गोदावरीला) पूर आला की. उत्तरं मी तीच तीच देत आले आहे, म्हणून एका जागी लिहून ठेवली. ‘चपट्या नाकाचा’ म्हणजे पग (अजूनही अर्धे लोक त्याला ‘हचचा कुत्रा’च म्हणतात), शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज, बोस्टन टेरियर आणि त्यांचे मिश्र भाऊबंद. ज्याचा प्रश्न असेल त्याने तेवढंच वाचावं, पण प्रश्न ३ आणि १० कुणीही गाळू नये.

१. कुत्र्यांना पोहणं जन्मतःच येतं म्हणतात. मग पगला शिकवायचं काय?

पाण्यावर धरलं की पाय मारणं जन्मतः येतं. त्याने कुत्रा पुढे जाईलच असं नाही. लांब तोंडाचा कुत्रा पाण्यात आडवा राहतो, नाक पुढे, पाठ सपाट. पगचं नाक जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत असतं. ते पाण्याबाहेर ठेवायला त्याला मान मागे टाकून आभाळाकडे बघावं लागतं, आणि मान वर गेली की ढुंगण खाली जातं. मग गडी पाण्यात उभा राहून पुढच्या पायांनी पाणी थापटत बसतो. जागचा हलत नाही आणि दमतो मात्र भराभर. डोकं जड, छाती रुंद, पाय आखूड. फ्रेंच बुलडॉगला तर शेपूटही नावालाच.

श्वासाचं दुखणं याहून मोठं. या जातींचा जबडा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेला, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. त्यामुळे नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा मऊ भाग लांब, काहींची श्वासनळीही बारीक. ज्या कुत्र्याला सोफ्यावर पडूनही घोरत श्वास घ्यावा लागतो, त्याला पाण्यात दोन मिनिटं पाय मारणं म्हणजे आपण तोंडावर ओला रुमाल धरून रामशेजचा किल्ला चढण्यासारखं आहे.

२. मग पाण्यापासून लांबच ठेवलेलं काय वाईट?

काहीच नाही. बऱ्याच घरांना मी हेच सांगते. पण नाशिकच्या आसपास कुत्रा घेऊन फिरणाऱ्याच्या वाटेत हौद, पाट, शेततळं, कुणाच्या तरी फार्महाऊसचा स्विमिंग पूल यांतलं काहीतरी येतंच. म्हणून शिकवायची एकच गोष्ट : पाण्यात पडल्यावर वळायचं, पायरी शोधायची आणि बाहेर यायचं. तेवढं आलं की माझ्या दृष्टीने शिक्षण पूर्ण. चेंडूमागे उड्या मारून लांबच्या लांब पोहणं हे लॅब्रॉडोरवाल्यांसाठी सोडून द्या.

३. आमच्या कुत्र्याला पाण्यात उतरवणं सुरक्षित आहे का, हे कसं कळणार?

आधी घरच्या घरी कान द्या. कुत्रा शांत बसलेला असताना दोन खोल्यांपलीकडून श्वास ऐकू येतो का? थोडं चालल्यावर फेसाळ लाळ किंवा उलटी होते का? झोपेत श्वास अडकून दचकून उठतो का? कधी चक्कर येऊन पडला, जीभ-हिरड्या जांभळट दिसल्या? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर पाणी बंद, डॉक्टर आधी.

डॉक्टरांकडे गेलात तर नुसतं ‘तब्येत बरी आहे ना’ विचारू नका, ‘श्वास तपासा’ म्हणा. केंब्रिज विद्यापीठाने पग, फ्रेंच बुलडॉग आणि बुलडॉगसाठी तपासणीची जी पद्धत बसवली, तिच्यात कुत्र्याला ३ मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने घशाचा आवाज ऐकतात आणि ० ते ३ अशी श्रेणी देतात. मुद्दा असा की बसलेल्या कुत्र्याचा श्वास आणि धावलेल्या कुत्र्याचा श्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलावर उभा करून होणाऱ्या तपासणीत अर्धी गोष्ट दिसतच नाही.

हृदयविकार, फिट्स, डोळ्यावर जखम, मणक्याचं दुखणं, पोटुशी कुत्री, टाके न सुकलेलं ऑपरेशन या सगळ्यांना नाही. लठ्ठ कुत्र्यालाही आत्ता नाही. पगचं वजन साधारण ६ ते ८ किलो असावं. मला भेटणारे निम्मे पग ११-१२ किलोचे असतात आणि मालक म्हणतात, ‘हाडच जड आहे.’

४. पिल्लाला कितव्या महिन्यापासून शिकवावं?

लसीकरण पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण चार महिने उलटल्यावर, तेही टबात पाय भिजवण्यापुरतं. खोल पाणी सात-आठ महिन्यांनंतर. मोठ्या कुत्र्यालाही शिकवता येतं. वयापेक्षा श्वास महत्त्वाचा (प्रश्न ३).

५. लाईफ जॅकेट खरंच लागतं? कोणतं घ्यावं?

लागतं. पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी आणि मधल्या प्रत्येक दिवशी. जुन्या लोकांना आठवत असेल, पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोरं विहिरीत उतरायची. पोरगं तयार झालं की डबा सुटायचा. आपल्या कुत्र्याचा डबा कधीच सुटत नाही, एवढं मनाशी पक्कं करा.

घेताना तीन गोष्टी बघा. पाठीवर मजबूत मूठ हवी, तिच्यावर सगळं वजन उचलून बघा. हनुवटीखाली पुढे आलेला तरंगता तुकडा हवा; नाक वर ठेवण्याचं काम तोच करतो. आणि पोटाखालूनही फोम हवा, नुसता पट्टा नको. माप छातीच्या सगळ्यात रुंद भागाचं घ्यायचं, वजनावरून मागवू नका. पगची छाती त्याच्या वजनाच्या मानाने रुंद असते. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं जाऊ नये. गळ्याला पट्टा-साखळी बांधून पाण्यात उतरवायचं नाही. गळा आवळला की श्वास तर अडतोच, पण पगचे डोळे आधीच उथळ खोबणीत असतात, त्यांच्यावरही दाब येतो.

६. आम्हाला आजोबांनी विहिरीत ढकलून शिकवलं. कुत्र्याला तसंच केलं तर लवकर शिकणार नाही का?

आजोबा स्वतः पोहणारे होते, कठड्यावर उभे होते, आणि तुम्हाला श्वास रोखता येत होता. कुत्र्याला ‘श्वास रोखून धर’ असं सांगता येत नाही. अचानक पडलेला पग पहिला श्वासच पाण्याचा घेऊ शकतो. शिवाय तो एकदा घाबरला की पुढे सहा महिने बादली बघूनही थरथरतो. विहिरीत तर कुणालाच नको. तिथे कुत्र्याला बाहेर येण्याची वाटच नसते.

७. पहिल्या दिवसापासून नेमकं काय काय करायचं?

पहिला आठवडा पाणीच नाही. जॅकेट घालायचं, जेवायला द्यायचं, काढायचं. जॅकेट दिसलं की शेपूट हलली पाहिजे. एक-दोनदा मुठीला धरून अलगद जमिनीपासून वीतभर उचला, म्हणजे पाण्यात ती भावना नवी वाटणार नाही.

मग टब. खाली रबरी पायपुसणं टाका, कारण निम्मी भीती पाण्याची नसते, पाय घसरण्याची असते. पाणी कोमट आणि त्याच्या कोपरापर्यंत. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे हातात ठेवा, पण पाण्यात टाकू नका. ते पकडायला तोंड खाली गेलं की नाकात पाणी. दोन-तीन दिवस नुसतं उभं राहणं. त्यानंतर पाणी छातीपर्यंत.

टब कुठला वापरता तेही बघा. बागायतदारांच्या घरी रिकामे निळे ड्रम सर्रास कापून टब करतात. औषधाचा ड्रम कितीही धुतलेला असो, नको. तसंच बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) कालवायचा हौदही नको, तो कितीही मोकळा आणि सोयीचा दिसला तरी. कुत्रा पाणी चाटतो, अंगही चाटतो.

छातीभर पाण्यात निवांत उभा राहू लागला की पायऱ्या असलेला पूल. तुम्ही स्वतः पाण्यात, कंबरेएवढ्या खोलीवर. कुत्र्याचं तोंड पायरीकडे. एक हात मुठीवर, दुसरा पोटाच्या मागच्या भागाखाली, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे. हा दुसरा हात सगळ्यात महत्त्वाचा. मागचा भाग वर राहिला की पाठ आडवी होते, पाठ आडवी झाली की पाय मारून तो खरोखर पुढे सरकतो, आणि पुढे सरकल्याचं त्याला कळतं. पहिल्या वेळी पायरीपासून हातभर अंतर, तीन-चार सेकंद, पायरीला पाय लागला की शाबासकी. बस, त्या दिवसाचं काम झालं.

पुढच्या दिवसांत अंतर वाढवत नेऊ नका, दिशा बदला. आज उजवीकडून पायरीकडे, उद्या डावीकडून, परवा पायरीकडे पाठ करून. म्हणजे त्याला वळून शोधावं लागेल. पायरीच्या वर नेहमी एकच ठळक खूण ठेवा. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला वेगळा दिसतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. आमची कुत्री चिंगी, तिच्यासाठी पिवळी छत्री उघडून ठेवायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी ती छत्री शोधायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हिला काहीतरी समजलंय.

८. एका वेळी किती वेळ? दमला हे कसं ओळखायचं?

पाण्यात दोन मिनिटं, बाहेर पाच मिनिटं, असं तीन-चार वेळा. एकूण पाण्यातला वेळ दहा मिनिटांच्या पुढे नको. जेवल्यावर दोन तास तरी थांबा.

दमल्याची खूण शोधत बसू नका, त्याआधीच काढा. तरी लक्षात ठेवा : मागचे पाय थांबणं, जीभ चमच्यासारखी रुंद होऊन बाहेर लोंबणं, श्वासाला घुरघुर सोडून करवतीसारखा आवाज येणं. तिसरी खूण दिसली तर त्या दिवशी पुन्हा पाणी नाही. पाण्याबाहेर पाच-दहा मिनिटांत श्वास पूर्ववत झाला नाही तर डॉक्टर.

९. नाशिकमध्ये कुठे शिकवावं? गंगेवर नेलं तर चालेल का?

पहिली पसंती ओळखीच्या कुणाच्या तरी खासगी पूलला, ज्याला आत उतरत्या पायऱ्या आहेत. लोखंडी शिडीचा पूल उपयोगाचा नाही. कुत्र्याला शिडी चढता येत नाही, म्हणजे बाहेर येण्याचा धडाच देता येणार नाही.

गंगेवर नको. रामकुंडावर लोक श्रद्धेने स्नानाला येतात, ती जागा आपल्या सरावाची नाही, यावर वाद नको. खालच्या घाटांवर पायऱ्या शेवाळलेल्या, पाणी साचलेलं, कुठे पानवेलींचा थर. पानवेलीत पाय अडकलेला छोटा कुत्रा स्वतः सुटत नाही. पावसाळ्यात तर गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी चढायला वेळ लागत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आपण पूर बघायला जातो. कुत्र्याला घेऊन जाऊ नका, गर्दीत आणि निसरड्या कठड्यावर तर मुळीच नाही. सोमेश्वरचा धबधबा दिसायला मोहक आहे, पण खडक आणि वाहतं पाणी हे पगचं काम नाही.

पाट सगळ्यात फसवा. आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलेलं असताना वरून संथ वाटतो, आत ओढ असते आणि काठ तिरपा, गुळगुळीत. नांदूरमध्यमेश्वरबद्दलही दोघा-तिघांनी विचारलं : ते पक्षी अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्ष्यांच्या जागी कुत्रा पाण्यात सोडायचा नसतो.

साचलेल्या कुठल्याही पाण्यावर हिरवट रंग सांडल्यासारखा थर असेल तर पाय भिजवायलाही नको. त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष काही वेळा कुत्र्याच्या जिवावर बेततं. आणि उंदीर-घुशींचं मूत मिसळलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, जो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. लसीच्या कार्डावर लेप्टोची नोंद आहे ना आणि तिला वर्ष उलटलं नाही ना, हे बघून घ्या.

१०. मळ्यात शेततळं आहे. स्वच्छ पाणी, कुणी येत नाही. तिथे शिकवू का?

नाही. या पानावरचं सगळ्यात ठाम उत्तर हे आहे.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, कुठेही जा, द्राक्षबागेला लागून शेततळं आहेच. आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, चारही बाजूंनी तीव्र उतार. कोरडा असताना त्यावर माणसाचा पाय ठरत नाही; ओला आणि शेवाळलेला असताना चांगला पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. कुत्रा नखांनी ओरबाडतो, वर येतो, घसरतो, पुन्हा येतो, आणि दमून बुडतो. इथे पोहता येणं आणि वाचणं यांचा संबंध तुटतो. आमची चिंगी तोपर्यंत चांगली शिकलेली होती. एका नातेवाइकांच्या मळ्यात बेडकामागे गेली आणि घसरली. जॅकेट अंगावर होतं, कारण आम्ही तिथून पुढे पूलवर जाणार होतो. ती बरोबर वळली, काठाशी आली, आणि तिथेच पाय मारत राहिली. माझ्या भाच्याने पालथं पडून आकड्याच्या काठीने जॅकेटची मूठ ओढली म्हणून ती निघाली. ती मूठ नसती तर पुढचं मला लिहिता आलं नसतं.

शेततळं असलेल्यांनी कुत्र्यासाठी नाही तर घरच्या पोरांसाठी म्हणून तरी कुंपण घालावं आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर, जुने टायर बांधून पाण्यापर्यंत सोडावेत. पगला दोर धरता येत नाही, पण टायरवर पुढचे पाय टेकवून दम घेता येतो. तुमच्यापैकी कुणी तळ्यात पडलेल्या कुत्र्यामागे उडी मारू नका. काठी, दोर, ट्यूब टाका.

११. मे महिन्यात थंडावा म्हणून दुपारी पोहायला नेलं तर?

मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याची धाप नेमकी तिथेच कमी पडते. पाणी थंड असलं तरी पाय मारण्याने अंग तापतं, पूलाकाठची फरशी पाय भाजते, आणि घरी परततानाची गाडी भट्टी झालेली असते. सकाळी आठच्या आत आटपा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या पुढे गेलं तर जिवाशी गाठ. ऊन लागल्यासारखा वाटला, तोल जाऊ लागला, हिरड्या लालभडक झाल्या, की आधी अंगावर नळाचं पाणी ओता आणि पंखा लावा, मग दवाखाना. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो.

१२. आणि थंडीत?

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा तुम्ही तरी पोहता का? डिसेंबर-जानेवारी सुट्टी.

१३. पोहताना खूप पाणी पितो. काही होतं का?

होतं. छोट्या कुत्र्याने थोड्या वेळात पोटभर पाणी गिळलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. पोट फुगणं, उलटी, लाळ, डोळे काचेसारखे, चालताना झोकांड्या, अशी लक्षणं. यात घरी काही करण्यासारखं नाही, थेट डॉक्टर. टाळायचं तर पाण्यात तोंड उघडं ठेवायला लावणारे खेळ, म्हणजे चेंडू आणायला लावणं किंवा पाइपच्या धारेला चावू देणं, बंद.

१४. नाकातोंडात पाणी गेलं, खोकला, मग ठीक झाला. झालं ना?

बहुतेक वेळा झालं. तरी पुढचे दोन दिवस नजर ठेवा. फुप्फुसात गेलेलं पाणी किंवा घाण उशिरा त्रास देते : खोकला परत येतो, श्वास जलद होतो, खाणं सुटतं, ताप येतो. झोपलेला असताना मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास मोजले गेले तर रात्र काढत बसू नका.

१५. बुडाला आणि निपचित पडला तर?

उलटा धरून गरगर फिरवू नका, वेळ जातो. आडव्या कुशीवर झोपवा, तोंडातलं पाणी-घाण बोटाने काढा, जीभ पुढे ओढा. श्वास नसेल तर छातीच्या सगळ्यात रुंद भागावर दाब द्या, छाती तिच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी दबेल इतका, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. फ्रेंच बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्याला उताणा करून मधल्या हाडावर दाबतात. दर ३० दाबांनंतर दोन फुंकर. लांब तोंडाच्या कुत्र्याला नाकातून फुंकर देतात. पगचं नाक आणि तोंड तुमच्या तोंडात एकदमच मावतं, ओठांच्या कडा हाताने दाबून धरा. दुसऱ्याने तोवर गाडी काढावी. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण प्रश्न १४.

१६. पोहून झाल्यावर काय काय साफ करायचं?

साध्या पाण्याने आंघोळ, विशेषतः क्लोरीनच्या पूलनंतर. मग सुरकुत्या. नाकावरची घडी बोटाने उघडून मऊ कापडाने टिपायची. ओल राहिली की दोन दिवसांत आंबूस वास आणि लाली. कान टिपा, आत काडी घालू नका. डोळा एक मिटून धरत असेल किंवा पंजाने चोळत असेल तर त्याच दिवशी दाखवा. या जातींत बुबुळावर जखम पटकन होते.

१७. गोचिडीचं औषध मानेवर टाकलंय. पोहायला चालेल?

टाकण्याआधी आणि टाकल्यावर दोन-दोन दिवस अंग कोरडं ठेवा. पाकिटावर याहून जास्त लिहिलं असेल तर तेच पाळा.

१८. नाकपुड्यांचं ऑपरेशन झालंय, आता श्वास छान आहे. मग जॅकेटशिवाय?

अभिनंदन, पण नाही. श्वास सुधारला, चेहऱ्याची ठेवण तीच आहे. ढुंगण अजूनही खालीच जाणार (प्रश्न १). जखम भरल्याचं सर्जनने सांगितल्यावर प्रश्न ७ मधल्या टबापासून सुरुवात करा. स्वरयंत्राची बाजू टाके घालून कायमची उघडी ठेवली असेल तर मात्र पोहणं जन्मभर बंद, कारण पाणी अडवणारं दारच राहिलेलं नसतं.

१९. आमच्याकडे लॅब आणि पग दोन्ही आहेत. लॅबला बघून पग शिकेल का?

शिकेल, लॅबच्या मागे खोल पाण्यात जायला. वर लॅब दमला की पगच्याच अंगावर पंजे टाकतो. दोघांना वेगवेगळं न्या.

२०. तीन महिने झाले, अजून टबातच थरथरतो. आमचं काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. पायाखाली पायपुसणं आहे का, पाणी कोमट आहे का, घरात कुणी हसत-ओरडत तर नाही ना, एवढं बघा. तरीही नको म्हणत असेल तर टब उचलून ठेवा. तो जॅकेट आनंदाने घालत असेल, मुठीला धरून उचललेलं त्याला चालत असेल, तर मळ्यावर जाताना लागणारी निम्मी तयारी झालेलीच आहे.

२१. अंग पुसलं की वेड्यासारखा घरभर धावतो. हे नॉर्मल आहे?

अगदी. चिंगी सोफा, टीपॉय, आजी अशी तीन वळणं घेते. फक्त ओल्या पायांनी गुळगुळीत फरशीवर फ्रेंच बुलडॉगचा पाय सटकला तर मणक्याला झटका बसतो. म्हणून आधी पंजे पुसा, मग सोडा, आणि वळणाच्या जागी एखादी जुनी सतरंजी टाकून ठेवा.